नृत्यात प्राणी उभा करायचाय? आधी चाल, मग शेपूट

मला पहिल्यांदा हरणाची भूमिका मिळाली तेव्हा मी सुरुवात शिंगांपासून केली. तारेची शिंगं, त्यावर गुंडाळलेलं कापड, ठिपक्यांचा अंगरखा, इवलीशी शेपटी. यात तीन आठवडे गेले. रंगीत तालमीला चार दिवस उरले असताना नृत्य बसवणाऱ्या बाईंनी मला सरावाच्या साध्या कपड्यांत नाचायला लावलं आणि संगीतही बंद केलं. समोर बसलेल्या मुलांना त्यांनी विचारलं, “हा कोणता प्राणी?” ससा, घोडा, बकरी अशी उत्तरं आली. हरीण कुणीच म्हणालं नाही.

उरलेल्या चार दिवसांत जे काम केलं तेच खरं काम होतं. पुढे मी मांजर केली, वानर केलं, हंसांच्या समूहात नाचले, आणि आता इतरांच्या अशा भूमिका बसवून देते. तुम्हाला पहिल्यांदाच प्राणी व्हायला सांगितलं असेल, तर तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. पायऱ्या याच क्रमाने करा. पोशाख मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

हाताशी काय हवं

- त्या प्राण्याचं खरं चित्रण: चालताना, थांबून बघताना आणि दचकल्यावर किंवा झेपावताना. कार्टून चालणार नाही, कारण त्यात आधीच कुणीतरी प्राण्याचा माणूस केलेला असतो.
- मोबाइल आणि तो स्थिर उभा राहील अशी सोय. आरशावर विसंबू नका. आरशात बघायला मान वळवली की प्राण्याची मान गेली.
- गुडघ्यांचे पॅड आणि मनगटाचे पट्टे.
- कच्च्या नमुन्यासाठी मांजरपाट किंवा जुनी चादर, रुंद इलॅस्टिक, वेल्क्रो, सुई-दोरा, भरपूर सेफ्टी पिना.
- दीड मीटर जाड दोरी. ही शेपटीच्या सरावासाठी.
- प्रसंगाची माहिती: किती मिनिटं, जमीन लाकडी की गुळगुळीत, आणि लगेच पुढच्या प्रसंगात कपडे बदलायचे आहेत का.

१. प्राणी नेमका ठरवा, आणि त्यात माणूस किती तेही

“पक्षी” ही भूमिका होऊ शकत नाही. कबुतर, घार आणि हंस यांच्यात एकही हालचाल सारखी नाही. नर की मादी, पिल्लू की म्हातारा, भुकेला की घाबरलेला, हेही विचारून घ्या. चितळाच्या मादीला शिंगं नसतात आणि लांडोरीला पिसारा नसतो. असा एक तपशील चुकला तर प्रेक्षक तेवढाच लक्षात ठेवतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नृत्यात प्राणी तीन तऱ्हांनी येतो. कधी तो कथेतलं पात्र असतो, बोलतो, विचार करतो. हनुमान हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. कधी तो निव्वळ जनावर असतो. आणि कधी नर्तक चार मात्रांपुरता मोर किंवा हरीण दाखवतो आणि परत नायिका होतो. आपल्या शास्त्रीय नृत्यांतल्या एकल सादरीकरणात बहुतेक वेळा हेच असतं. तिसऱ्या प्रकारात वेगळा पोशाख लागतच नाही. पहिल्यात माणसाचा चेहरा मोकळा राहायला हवा. आपलं काम कोणत्या प्रकारचं आहे हे नृत्य बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्या. पोशाखातले निम्मे वाद इथेच मिटतात.

२. बघा, पण एका वेळी एकच गोष्ट

तेच चित्रण चार वेळा बघा. पहिल्यांदा फक्त पाय, मग फक्त पाठ, मग डोकं, आणि चौथ्यांदा प्राणी थांबतो तेव्हा काय करतो ते. टिपणं लिहिताना “डौलदार”, “चपळ” असले शब्द टाळा, ते नाचता येत नाहीत. क्रियापदं लिहा: पुढचा पाय उचलून धरतो, नाक वर करतो, दोनदा हुंगतो, मागचा पाय घसटतो. अशी दहा क्रियापदं झाली की पुढच्या पायरीवर या.

३. पाय: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

कुत्र्याचा किंवा घोड्याचा मागचा गुडघा “उलटा” वळतो असं आपल्याला वाटतं. तो गुडघा नसतो, ती टाच असते. गुडघा वर, पोटाजवळ लपलेला असतो. एवढी गोष्ट नीट समजली तरी निम्मं शरीर जागेवर येतं.

मांजर आणि कुत्रा बोटांवर चालतात, टाच कायम हवेत. अस्वल आपल्यासारखं पूर्ण तळवा टेकतं. हरीण आणि घोडा थेट खुरांवर, म्हणजे बोटांच्या नखांवर उभे असतात. हरणाची दोन बोटं वजन घेतात, घोड्याचं एकच. हत्तीच्या बोटांमागे चरबीची जाड गादी असते, म्हणून त्याचं पाऊल बाहेरून सपाट आणि मऊ दिसतं.

आता हे स्वतःच्या पायांत आणा. मांजर करायची तर चवड्यावर या, गुडघे किंचित वाकवा आणि डोक्याची उंची अजिबात बदलू देऊ नका. हरणासाठी चवडा आणखी उंच, गुडघे वर उचललेले, जमिनीशी संबंध अगदी कमी वेळ. अस्वलासाठी टाच आधी, मग बाहेरची कड, मग सगळा तळवा, आणि प्रत्येक पावलाला वजन बाजूला झुकलेलं. हत्ती करताना उडी मारू नका. हत्तीचे चारही पाय एकाच वेळी हवेत कधीच जात नाहीत, घाईने चालतानाही नाही. हत्तीची भूमिका उड्यांनी भरलेली मी पाहिली आहे. सोंड सुरेख होती, पण जनावर पटत नव्हतं.

चार पायांचं काय करायचं? नवखे लगेच हातापायांवर उतरतात. आपले हात पायांपेक्षा आखूड असल्यामुळे ढुंगण वर जातं, मान खाली लटकते आणि दोन मिनिटांत मनगटं भरून येतात. जमिनीवरचा भाग अगदी थोडा ठेवा, आणि उभ्याने चालताना पुढचे पाय खांद्यांत आणा. मांजरीचं गळपट्टीचं हाड नावापुरतं असतं, इतर हाडांशी घट्ट जोडलेलं नसतं, म्हणून तिच्या खांद्याची हाडं एकाआड एक वरखाली सरकत राहतात. तुम्ही पाऊल टाकताना त्याच बाजूचं खांद्याचं हाड मागे-वर सरकू द्या. पाठमोरं चालून चित्रण करा. पाठीवरून मांजर ओळखू आली तर समोरून येणारच.

उंट आणि जिराफ यांची गंमत वेगळी. ते एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पुढे टाकतात. आपण चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातो. उंटासाठी उजव्या पायाबरोबर उजवाच हात न्या. शरीर आपोआप डोलायला लागतं.

४. पाठ आणि मान

माणसाच्या मानेत ७ मणके असतात आणि जिराफाच्याही मानेत ७च. हंसाच्या मानेत मात्र २२ ते २५ असतात. म्हणून जिराफाची मान लांब काठीसारखी फिरते आणि हंसाची दोरीसारखी वळते. हंसाचा वळसा आपल्या सात मणक्यांत बसणार नाही. तो पाठीच्या मध्यापासून सुरू करून मान, खांदा आणि हात यांवरून पुढे न्यावा लागतो. अ‍ॅना पाव्हलोव्हा या रशियन बॅले नर्तिकेसाठी मिशेल फोकिनने बसवलेलं मरणाऱ्या हंसाचं एकल नृत्य बघा. पाय जवळजवळ सगळा वेळ बोटांच्या टोकावर बारीक पावलांनी सरकतात आणि पाणी तयार होतं. पक्षी मात्र सगळा हात, पाठ आणि मान यांत आहे.

पक्ष्यांचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून कुठे बघायचं झालं की सगळं डोकं वळतं, तेही झटक्याने. पक्षी करत असाल तर बुबुळं मधोमध ठेवा आणि डोक्याने बघा. कबुतराचं डोकं पुढेमागे हलतं असं वाटतं, पण खरं तर डोकं एका जागी थांबतं, अंग त्याच्याखाली पुढे सरकतं आणि मग डोकं पुढची जागा घेतं. हे हळू गतीने शिका. घाईत केलं की नुसती मान हलवणं होतं.

५. लक्ष

माझं हरीण मुलांना ओळखू आलं नाही ते इथे. मी सुंदर उड्या मारत होते, पण ऐकत नव्हते. हरणाचं आयुष्य ऐकण्यात जातं. आवाज येतो, कान वळतात, मग डोकं, मग अंग ताठ होतं, एक पाय तसाच अधांतरी राहतो, आणि मग पळ. आपले कान हलत नाहीत, म्हणून कानांचं काम डोक्याच्या अगदी लहान हालचालींना करावं लागतं. पळण्याआधीची ती थांबलेली दोन सेकंदं पूर्ण द्या, श्वासही रोखा. उडीला अर्थ त्या थांबण्याने येतो. उरलेले चार दिवस मी जवळजवळ फक्त थांबण्याचा सराव केला.

शिकारी प्राण्याचे डोळे समोर असतात आणि नजर एका बिंदूवर खिळते. अंग हलतं, नजर नाही. सापाला पापण्याच नसतात, म्हणून सापाच्या भूमिकेत पापणी लवली की भास तुटतो. दर चार ओळींनंतर पाठ फिरवण्याची जागा ठरवून घ्या, म्हणजे डोळ्यांना विसावा मिळेल. वानराचं लक्ष उलट कुठेच टिकत नाही: हातात घेतो, बघतो, टाकतो, दुसरीकडे वळतो.

वानराचा एक नेहमीचा सापळा सांगते. बोटांच्या पेरांवर चालणं आणि छाती बडवणं म्हणजे वानर नव्हे. पेरांवर गोरिला आणि चिंपांझी चालतात, आणि गोरिला छातीवर मुठी नाही, पोकळ तळवे मारतो. आपली माकडं तळहात आणि बोटं टेकून चालतात. सारखं अंग खाजवणंही सोडा, ते दोनदा केलं की विनोद होतो.

६. हात आणि मुद्रा

शास्त्रीय नृत्य शिकला असाल तर मृगशीर्ष, मयूर, सर्पशीर्ष, सिंहमुख या मुद्रा हाताशी आहेतच. मात्र ‘अभिनयदर्पण’ या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथातल्या विनियोगात, म्हणजे कोणता हात कशासाठी वापरायचा या यादीत, सिंहमुख हा एकच हस्त सिंहासाठी आहे, सशासाठी आहे आणि हत्तीसाठीही आहे. म्हणजे प्राणी ओळखून द्यायचं काम एकट्या हातावर टाकलेलंच नाही. त्याच ग्रंथात दहा गती, म्हणजे चालण्याच्या तऱ्हा, सांगितल्या आहेत आणि त्यांतल्या आठ प्राण्यांच्या नावावर: हंसी, मयूरी, मृगी, गजलीला, तुरंगिणी, सिंही, भुजंगी, मंडूकी. हात बाजूला ठेवून फक्त गतीवर तालाचं एक आवर्तन चाला, मग मुद्रा धरा. तोच हात तेव्हा बोलायला लागतो.

७. ताल

घोड्याची संथ चाल चार ठोक्यांची असते, दुडकी दोन ठोक्यांची आणि मध्यम दौड तीन ठोक्यांची. म्हणून दुडकी आठ मात्रांच्या केरव्यावर सहज बसते आणि मध्यम दौड सहा मात्रांच्या दादऱ्यावर. मात्र प्रत्येक मात्रेवर पाऊल पडलं की जनावर कवायत करतंय असं वाटतं. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं ते या, मधल्या दोनतीन मात्रा मोकळ्या सोडा. प्राण्याला संगीत ऐकू येत नसतं, ते तुम्हाला येतं.

८. पोशाख: एक खूण निवडा

आता शिलाई. त्या प्राण्याची एक खूण निवडा, फार तर दोन, आणि बाकीचं सोडून द्या. ब्रिटिश नृत्यरचनाकार मॅथ्यू बोर्नच्या १९९५ सालच्या ‘स्वान लेक’ या बॅलेमध्ये पुरुष हंस झाले. त्यांना पंख नाहीत, चोच नाही. उघडी छाती-पाठ, अनवाणी पाय, गुडघ्यापर्यंत पिसांसारखी झुलणारी विजार आणि कपाळावरून नाकाकडे उतरणारा काळा पट्टा. पाठ उघडी ठेवल्यामुळे पंखांचं सगळं काम स्नायूंनी केलेलं दिसतं. पोशाखाने नेमकी हलणारी जागा मोकळी सोडली.

तुमच्या टिपणांतलं सगळ्यात महत्त्वाचं क्रियापद शरीराच्या ज्या भागाचं आहे, तो भाग झाकू नका. मांजरीची पाठ, हरणाचे घोटे, सापाचे मनगट-कोपर. तिथे कापड अंगाबरोबर ताणलं जाणारं हवं.

शेपूट: विजारीला शिवू नका, वाकलात की विजारच खाली ओढली जाते. कमरेला रुंद इलॅस्टिकचा पट्टा बांधा, पट्ट्याला शेपूट, आणि वरून कपड्याला चीर पाडून ती बाहेर काढा. जागा माकडहाडाच्या थोडी वर. लांबी उभ्याने घोट्याच्या वर संपायला हवी, नाहीतर मागचा नर्तक तिच्यावर पाय देतो. शेपूट तयार होईपर्यंत दोरी बांधून सराव करा. पहिल्या तासात ती किती वेळा अडकते ते मोजा आणि तेवढी कापा.

पंख: वजन खांद्याकडे आणि टोक हलकं. कापड मनगटाला इलॅस्टिकच्या फाशाने अडकवा, मुठीत धरू नका, नाहीतर बोटं कायमची बंद होतात. अखंड कापडापेक्षा उभ्या चिरलेल्या पट्ट्या हवेत चांगल्या उघडतात.

मोराचा पिसारा: ज्याला आपण शेपूट म्हणतो ती मोराची शेपूट नसते. ती शेपटीवरची लांब पिसं असतात आणि खरी आखूड शेपूट त्यांना मागून आधार देते. तुमचा पिसाराही तसाच बांधा, मागे आखूड ताठ पंखा आणि पुढे लांब हलकी पिसं. नुसती लांब पिसं कमरेला खोचली की ती लोंबतात.

लोकर किंवा केसाळ कापड सगळ्या अंगावर घेऊ नका. दिव्यांखाली जीव घाबरा होतो आणि अंगाची रेषाही बुजते. मानेभोवती, मनगटाला आणि पाठीच्या कण्यावरून एक पट्टी, एवढ्यावर डोळा बाकीचं भरून काढतो. काखेत चौकोनी तुकडा वेगळा जोडून घ्या, नाहीतर हात वर जाताच सगळा अंगरखा वर येतो. पंजाचे हातमोजे हवेच असतील तर बोटांची टोकं उघडी ठेवा. पायाला जाड पंजे कधीच नकोत. तिसऱ्या पायरीवरची सगळी मेहनत त्यात झाकली जाते.

बऱ्याच प्राण्यांचं पोट पाठीपेक्षा फिकट असतं. तुमच्या कपड्यातही पुढचा भाग फिकट ठेवला तर अंग बारीक दिसतं. आणि कापडाचा तुकडा रंगमंचाच्या दिव्याखाली बघितल्याशिवाय पक्का करू नका. निळ्या प्रकाशात तपकिरी रंग काळपट होतो. माझे हरणाचे ठिपके त्यात नाहीसे झाले होते.

९. मुखवटा की रंग

पूर्व भारतातल्या छाऊ नृत्याच्या तीन शैलींतली सरायकेला आणि पुरुलिया मुखवटा वापरतात, मयूरभंज वापरत नाही. मुखवट्यामागे चेहरा संपतो, म्हणून भाव मानेच्या आणि धडाच्या कोनातून द्यावा लागतो: मुखवटा खाली झुकला की दुःख, वर गेला की उत्सुकता. मुखवटा घेणार असाल तर तो तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून तोंडावर हवा, पुठ्ठ्याचा कच्चा असला तरी चालेल. त्यात श्वास कमी पडतो, आणि बघायची भोकं बहुधा मुखवट्याच्या डोळ्यांत नसतात, नाकपुडीत किंवा तोंडात असतात. म्हणून डोळ्यांनी नाही, नाकाने दिशा दाखवायची सवय लावा.

तिसरी वाटही आहे. १९९७ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘द लायन किंग’ या संगीत नाटकात दिग्दर्शिका ज्युली टेमोर यांनी सिंहांचे मुखवटे चेहऱ्यावर न लावता डोक्याच्या वर बसवले. माणूस आणि प्राणी दोन्ही एकदम दिसतात. बोलणाऱ्या, विचार करणाऱ्या पात्राला हे फार शोभतं. कथकलीतल्या हनुमानाचीही पांढरी दाढी, केसाळ अंगरखा आणि रुंद शिरोभूषण सगळं चेहऱ्याभोवती असतं, आणि रंगवलेला चेहरा अभिनयाला मोकळा राहतो.

रंग लावणार असाल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज किंवा लाली आली तर तो रंग नको. हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ कधीही नको. आणि नाकाखाली मिशा काढण्याआधी विचारा, त्या शेवटच्या रांगेतून दिसणार आहेत का? भुवयांचा कोन आणि नाकाची रुंदी दिसते. मिशा सहसा दिसत नाहीत.

१०. कपड्यांसह तालीम

पूर्ण पोशाखात, पूर्ण गतीत, किमान तीन वेळा. बसा, लोळा, उडी मारा, विंगेत धावत जा, आणि अंधारात कपडे बदला. जिथे टाका उसवेल तिथे इलॅस्टिक घाला. समूहात असाल तर एकमेकांच्या शेपट्यांमधलं अंतर आखून घ्या. दोघांनी मिळून एक प्राणी करायचा असेल, चिनी सिंहनृत्यात करतात तसा, तर मागच्या माणसाला पुढचं जवळजवळ काहीच दिसत नाही. त्याच्यासाठी आवाजाची किंवा स्पर्शाची खूण आधी ठरवा आणि ती प्रयोगात बदलू नका.

मग पोशाख उतरवा, साध्या कपड्यांत, संगीताशिवाय एक मिनिट नाचा आणि तुमचं नृत्य कधीही न पाहिलेल्या माणसाला विचारा, हा कोणता प्राणी? उत्तर चुकलं तर शिंप्याकडे जाऊ नका, तिसऱ्या पायरीवर परत या.

प्रयोगाच्या दिवशी विंगेत उभं असतानाच चवड्यावर या आणि प्रवेशाआधीची तीन पावलं आतच टाका. बाहेर पडतानाही तसंच. पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात बसलेल्या मुलाला विंगेचा आतला भाग दिसतो, म्हणून पडद्याआड पूर्ण गेल्याशिवाय टाच टेकू नका.